आयांचं ऐकणारा डॉक्टर

मैत्रिणींनो, ११ ऑगस्ट १९९९ चं सूर्यग्रहण तुमच्यापैकी कितीजणींना आठवतं? माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. मी नवी सून, तालुक्याच्या गावातला जुना वाडा, आणि शेजारच्या खणात राहणाऱ्या वहिनींना दुसरा महिना. ग्रहण संध्याकाळचं होतं. वहिनींच्या सासूबाईंनी त्यांना दुपारपासूनच आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवलं होतं. विळीला हात लावायचा नाही, सुई-दोरा घ्यायचा नाही, कुठं खाजवायचंसुद्धा नाही! पण नेमके परगावचे पाहुणे दारात उभे राहिले. सासूबाई देवघरात जपाला बसलेल्या. वहिनी उठल्या, विळी घेतली आणि पोह्यांसाठी दोन कांदे चिरले. बस्स, एवढंच झालं.

पुढं होळीच्या सुमारास वहिनींना मुलगा झाला. अगदी किरकोळ, हातात घ्यायची भीती वाटावी असा. दूध ओढताना दमायचा, निळा पडल्यासारखा व्हायचा. दोन महिन्यांनी न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं की, बाळाच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या काळ्या नाहीत, पांढुरक्या आहेत. जिल्ह्याच्या गावी नेलं, तर डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू. आम्ही सगळ्या थक्क! मोतीबिंदू म्हणजे आजी-आजोबांचा आजार, तो पाळण्यातल्या बाळाला कसा होईल? ऑपरेशनं झाली, जाड भिंगांचा चष्मा लागला. आणि दीड वर्षाचा झाला तरी हाकेला मान वळवेना, तेव्हा कळलं की त्याला ऐकूही येत नाही.

कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. ग्रहणातले दोन कांदे सगळ्या आळीला पाठ होते. सासूबाई उठता-बसता बोलायच्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वहिनींकडं बघून हळूच कुजबुजायच्या. आणि खरं सांगायचं तर मीही मान डोलावली होती. समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी! ग्रहणाचं मला पटत होतं असं नाही, पण दुसरं काही सांगताही येत नव्हतं. आणि नव्या सुनेनं वाकड्यात कशाला शिरायचं, असा हिशेब.

ही गोष्ट आज काढायचं कारण म्हणजे एक डॉक्टर. सर नॉर्मन ग्रेग त्यांचं नाव. राहणार ऑस्ट्रेलियातलं सिडनी शहर. त्यांना जाऊन साठ वर्षं होत आली. डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि लसीकरणाचं काम करणाऱ्यांना हे नाव चांगलं माहीत आहे, जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत ते असतं. आपल्या घरांपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही. मला ते २०१८ साली कळलं. कसं, ते पुढं सांगते.

नॉर्मन ग्रेग यांचा जन्म ७ मार्च १८९२ चा, सिडनीच्या बरवूड भागातला. वडील कारकून. घरची परिस्थिती बेताची म्हणावी अशीच असणार, पण मुलगा हुशार निघाला. सिडनी ग्रामर स्कूलमध्ये शिकला, तिथून सिडनी विद्यापीठात मेडिकलला गेला. अभ्यासाइतकाच खेळातही पुढं. न्यू साऊथ वेल्स या त्यांच्या राज्याकडून तो क्रिकेट खेळला आणि टेनिसही. (हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या घरातल्या पुरुषमंडळींनी पहिल्यांदा पेपरमधून मान वर केली!) १९१५ साली पहिल्या वर्गात डॉक्टरकीची पदवी मिळाली. पण तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं. हा तरुण डॉक्टर ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाला आणि फ्रान्सच्या आघाडीवर गेला. १९१८ साली शौर्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे पदक मिळालं.

युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये राहून त्यांनी डोळ्यांचं शिक्षण घेतलं. १९२३ साली सिडनीला परतले, त्याच वर्षी लग्न केलं. पत्नीचं नाव हेडी. पुढं दोन मुली झाल्या. सिडनीत मॅक्वारी स्ट्रीट म्हणून रस्ता आहे, तिथं सगळ्या मोठ्या डॉक्टरांचे दवाखाने. तिथंच यांनीही पाटी लावली. शिवाय रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटल आणि मुलांचं रॉयल अलेक्झांड्रा हॉस्पिटल इथं डोळे तपासायला जायचे. असं सतरा-अठरा वर्षं चाललं. चांगला नावाजलेला डॉक्टर, संसार सुखाचा. त्यानंतर काही घडलं नसतं तर एक सज्जन डॉक्टर म्हणून लोकांनी आठवण काढली असती आणि विसरूनही गेले असते.

१९४१ चं वर्ष उजाडलं. दुसरं महायुद्ध चालू. ग्रेग साहेब तेव्हा एकोणपन्नाशीला टेकलेले. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्याकडं एकामागून एक अशी तान्ही बाळं यायला लागली, ज्यांच्या डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू होता. जन्मजात मोतीबिंदू अगदीच नवीन नव्हता. पण एखादं बाळ कधीतरी यावं अशी ती गोष्ट, इथं रांग लागल्यासारखी. पांढरा, दाट डाग, बाहुलीच्या मधोमध, बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत. बाहुली मोठी करायचं औषध घातलं तरी ती नीट मोठी होत नव्हती. बाळं वजनाला कमी, दूध पिताना दमणारी. हृदयाला आला लावला तर ठोक्यात वेगळाच आवाज.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या वाड्यातलं बाळच कुणीतरी वर्णन करून सांगतंय, असं वाटलं.

त्या काळच्या डॉक्टरांची समजूत अशी होती की, मूल व्यंग घेऊन जन्माला आलं तर ते घराण्यातून आलेलं असतं. आईच्या नाहीतर बापाच्या रक्तात दोष. आणि पोटातल्या बाळाला बाहेरच्या रोगांची फारशी भीती नाही, कारण वार मध्ये भिंतीसारखी उभी असते. पुस्तकात असं लिहिलेलं असताना डॉक्टरनं काय करायचं? घराण्याची चौकशी करायची, मान हलवायची आणि ऑपरेशनची तारीख द्यायची. पण ग्रेग यांना एक गोष्ट खटकत होती. ही घराणी एकमेकांच्या नात्यातली नव्हती. या आयांच्या माहेरी-सासरी असं काही पूर्वी झालेलं नव्हतं. आणि मुलं एकाच वेळी कशी काय आली? रक्तातला दोष काय एकाच मोसमात सगळीकडं उगवतो?

आता जी गोष्ट सांगते ती सिडनीत आजही सांगितली जाते. ग्रेग यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत आया आपापली बाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आता चार बायका एका बाकावर बसल्या की काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. तुझं कितव्या महिन्यात झालं, तुला काय त्रास झाला, दूध नीट पितंय का... तसंच बोलणं चाललं होतं. बोलता बोलता एकीनं सांगितलं, की दिवस गेल्यावर सुरुवातीलाच तिला जर्मन गोवर झाला होता, त्याचा बाळाला काही त्रास झाला असेल का अशी तिला काळजी वाटते. तर दुसरी म्हणाली, मलाही झाला होता! हे बोलणं डॉक्टरांच्या कानावर पडलं.

आता इथंच खरी मेख आहे. बायकांचं बोलणं कानावर पडणं आणि ते ऐकणं यात केवढं अंतर असतं! आपण डॉक्टरकडं जातो, काहीतरी सांगायला लागतो, आणि समोरचा माणूस मान खाली घालून चिठ्ठी लिहीत असतो. ताई, तुम्ही त्याचा विचार करू नका, असं म्हणून वाटेला लावतो. ग्रेग यांनी तसं केलं नाही. त्यांनी त्या आयांना परत आत बोलावून नीट विचारलं. मग दुसऱ्या बाळांच्या आयांना विचारलं. कधी पुरळ उठलं? किती दिवस होतं? तेव्हा कितवा महिना होता? आणि मग उलटा हिशेब मांडला. बाळांच्या जन्मतारखांवरून मागं मोजत गेल्यावर या आयांचे सुरुवातीचे दिवस येत होते १९४० च्या जुलै-ऑगस्टच्या आसपास. आणि त्याच वेळी सिडनीत आणि सगळ्या ऑस्ट्रेलियातच जर्मन गोवराची मोठी साथ होती. युद्धासाठी पोरं छावण्यांमध्ये दाटीवाटीनं राहत होती, सुट्टीवर घरी येत होती, येताना आजार घेऊन येत होती.

जर्मन गोवर म्हणजेच रुबेला. आपल्याकडं बाया त्याला तीन दिवसांचा गोवर म्हणतात. नेहमीच्या गोवराहून हा वेगळा, दोन्हींचे विषाणू वेगळे. थोडा ताप, अंगावर बारीक गुलाबी पुरळ, कानामागं-मानेवर गाठी, दोन-तीन दिवसांत सगळं मावळतं. कितीतरी जणांना पुरळसुद्धा उठत नाही. त्यामुळं त्याला कुणी आजार म्हणायलाच तयार नसतं. मुलाला झाला तर दोन दिवस शाळा बुडते इतकंच. असा हा निरुपद्रवी दिसणारा पाहुणा पोटातल्या जिवाचं एवढं नुकसान करेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ग्रेग यांनी ऑस्ट्रेलियातल्या इतर डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवलं, तुमच्याकडं अशी बाळं आहेत का विचारलं. स्वतःकडची तेरा आणि बाकीच्यांकडची मिळून ७८ बाळांची माहिती जमली. त्यांतली दहा सोडली तर बाकी सगळ्यांच्या आयांना गरोदरपणात जर्मन गोवर झालेला होता, बहुतेकींना पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच. निम्म्याहून जास्त बाळांच्या हृदयात दोष होता. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्नला नेत्रतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हा निबंध वाचला. त्यात त्यांनी आणखी एक गोष्ट नमूद करून ठेवली होती. ही मुलं अजून फार लहान आहेत, मोठी होतील तसे आज न दिसणारे दोषही पुढं येऊ शकतील, असं त्यांनी बजावलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

वर्तमानपत्रांत बातमी आली. आणि मग दुसऱ्याच आया पुढं आल्या. त्यांच्या मुलांचे डोळे ठीक होते, पण कान गेलेले होते. त्यांनाही तेव्हा जर्मन गोवर झाला होता! ग्रेग यांनी तेही ऐकलं आणि बहिरेपणाचा शोधही त्याच वाटेनं लागला. पहिल्या निबंधात बहिरेपण नव्हतं, कारण तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही हे कळायलाच वेळ लागतो. म्हणजे बघा, दोन्ही वेळा धागा हाती दिला तो आयांनीच.

सगळ्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियातच दक्षिणेकडं चार्ल्स स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये तपासणी करून ग्रेग यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. पण लंडनचं लॅन्सेट हे डॉक्टरांचं मोठं नियतकालिक, त्यानं १९४४ मध्ये अजून सिद्ध झालेलं नाही असा शेरा मारला. एका अर्थानं त्यांचंही चुकलं नव्हतं. आधीच आजारी असलेली मुलं घेऊन त्यांच्या आयांना आठवायला सांगायचं, यात गफलत होऊ शकते. शिवाय जर्मन गोवर झालेल्या किती बायकांची मुलं धडधाकट निघाली, हे कुणी मोजलंच नव्हतं. तरीसुद्धा मला वाटतं, तो निबंध लंडनच्या एखाद्या बड्या प्राध्यापकानं लिहिला असता आणि साक्षीदार आयांऐवजी दुसरे कुणी असते, तर शेरा थोडा मऊ आला असता. हे आपलं माझं मत.

शंका फिटली ती एका आकडेमोड करणाऱ्या माणसामुळं. ऑलिव्हर लँकेस्टर हे संख्याशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी ऑस्ट्रेलियाची जुनी शिरगणती काढली. १९११ च्या शिरगणतीत बहिऱ्या माणसांची वयं लिहिलेली होती. त्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आकडा एकदम फुगलेला! म्हणजे ही मुलं १८९९ च्या आगेमागे जन्मलेली. आणि त्याच सुमारास तिकडं जर्मन गोवराची साथ येऊन गेली होती. पुढच्या शिरगणत्यांतही तेच. साथ येते, आणि तिच्या पाठोपाठ बहिऱ्या मुलांची एक लाट जन्माला येते. कागदावर ती चाळीस वर्षं पडून होती. १९५१ साली लँकेस्टर यांनी हे प्रसिद्ध केलं. १८९९ सालच्या त्या आयांच्या वाट्याला काय आलं असेल? तिकडं ग्रहणाचं नसेल म्हणत, पण काही ना काही म्हणतच असतील. ती बाई भ्याली होती, तिनं काहीतरी पाहिलं होतं, तिच्या घराण्यातच खोट आहे...

आता हा विषाणू नेमकं करतो काय, ते थोडक्यात. आईच्या रक्तातून तो वारेपर्यंत जातो आणि वार ओलांडून बाळात शिरतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा एकेक अवयव घडत असतो. डोळ्याचं भिंग, आतला कान, हृदयाचे कप्पे, सगळं याच काळात. विषाणू त्या पेशींत ठाण मांडतो, त्यांची वाढ मंदावतो. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत आईला रुबेला झाला, तर दहातल्या आठ-नऊ बाळांना काही ना काही इजा होते. नंतर हा धोका उतरत जातो, पाचव्या महिन्यानंतर फारसा राहत नाही. जन्मल्यावरही बाळाच्या अंगात हा विषाणू कित्येक महिने, काहींच्या बाबतीत वर्षभर जिवंत असतो. म्हणजे तीन दिवसांचा गोवर आईच्या अंगावर तीनच दिवस, आणि लेकराच्या अंगात मुक्कामाला.

ग्रेग यांना मान मिळाला. १९५३ मध्ये सर ही पदवी मिळाली, परदेशांतूनही गौरव झाले. माणूस मात्र होता तसाच राहिला म्हणतात, मनमिळाऊ, मोठेपणा न मिरवणारा. ती मुलं शाळेच्या वयाची झाली तरी त्यांचं लक्ष त्यांच्यावर होतं. १९६२ मध्ये अमेरिकेत हा विषाणू पहिल्यांदा प्रयोगशाळेत वेगळा काढता आला. त्यापाठोपाठ १९६४-६५ मध्ये अमेरिकेत अशी भयंकर साथ आली की, सुमारे वीस हजार बाळं रुबेलाच्या खुणा घेऊन जन्मली. २७ जुलै १९६६ रोजी सिडनीत ग्रेग यांचं निधन झालं. लस काही त्यांना पाहायला मिळाली नाही. ती आली १९६९ मध्ये. १९७१ पासून ऑस्ट्रेलियात शाळेतल्या मुलींना ती द्यायला सुरुवात झाली, आणि २०१८ मध्ये त्या देशातून रुबेला हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं.

पण गोष्ट डॉक्टरांच्या मृत्यूपाशी संपत नाही, मला तर खरी ओढ पुढच्या भागाची लागली. ग्रेग यांनी पाहिलेल्या त्या बाळांचं झालं काय? सिडनीच्या डॉक्टरांनी त्यांना सोडलं नाही. १९६७ साली, ती पंचविशीत आल्यावर, त्यांतल्या पन्नास जणांना शोधून तपासलं. बहुतेकांना ऐकू येत नव्हतं, दिसणं अधू होतं, तरीही बहुतेकजण नोकरी-धंदा करत होते! काहींची लग्नं झाली होती. ज्या मुलांचं काही होणार नाही असं धरून चाललेलं असतं, ती मुलं कमावती झाली होती. पन्नाशीला पुन्हा तपासलं. आणि साठीला तिसऱ्यांदा. त्या वेळी बत्तीसजण सापडले. तेव्हा दिसलं, की मधुमेह आणि थायरॉईडचे आजार यांच्यात जरा जास्तच आहेत. दर पाचातल्या साधारण एकाला मधुमेह, जवळजवळ तितक्यांनाच थायरॉईडचा त्रास. बायकांपैकी बहुतेकींची पाळी लवकर थांबलेली. काहींची हाडं ठिसूळ झालेली. पोटात असताना झालेल्या एका संसर्गाचे हिशेब साठ वर्षांनीही चालूच होते. १९४१ च्या त्या निबंधातलं बजावणं आठवलं ना?

आता २०१८ कडं येते. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. गोव्यात ती त्याआधीच, २०१७ च्या फेब्रुवारीत झाली होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलामुलींना, शाळाशाळांतून. आमच्या मंडळाच्या आम्ही पाच-सहाजणी मदतीला होतो. आणि काय सांगू, पहिल्या दिवशी एका शाळेत निम्मे वर्ग रिकामे! मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं फिरत होतं की, या सुईनं पुढं मूलबाळ होत नाही. एका आजोबांनी तर नातवाला घेऊन शेतात मुक्काम ठोकला. माझ्या मुलाला कशाला, तो काय गरोदर राहणार आहे, असंही एका बापानं विचारलं. मी त्याला म्हटलं, दादा, तुमचा मुलगा राहणार नाही, पण तो घरी आजार घेऊन येईल तेव्हा घरात त्याची आई असेल, काकू असेल, पुढं त्याची बायको असेल. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आला.

त्या मोहिमेआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी आमची बैठक घेतली होती. रुबेलामुळं बाळाला काय होतं, हे सांगताना त्यांनी डॉक्टर ग्रेग यांचं नाव घेतलं, दोन-चार वाक्यांत त्या आयांची गोष्ट सांगितली. मोतीबिंदू, बहिरेपण, हृदय. मी वहीत लिहीत होते, पेन तिथंच थांबलं. घरी आले, मुलीला सांगून कॉम्प्युटरवर जे मिळेल ते काढायला लावलं, शब्दकोश घेऊन बसले आणि वाचलं.

तिसऱ्या दिवशी वहिनींकडं गेले. वाडा केव्हाच पडला, त्या आता स्टँडमागच्या कॉलनीत राहतात. मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा झाला होता, मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकून शिवणकाम शिकत होता. जाड चष्मा लावून कापडाला डोळे टेकवून शिवतो, पण टीप सरळ येते त्याची. चहा झाला. मला विषय कसा काढावा कळेना. शेवटी सरळच विचारलं, की याच्या वेळी दिवस असताना तुम्हाला कधी बारीक ताप आला होता का, अंगावर पुरळ उठलं होतं का?

वहिनी थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हो, आलं होतं की. नागपंचमीच्या आधी, माहेरी गेले होते तेव्हा. भाच्यांच्या अंगावर उठलं होतं, त्यांचं मलाही आलं, तीन दिवसांत गेलं. आईनं कडुलिंबाचा पाला घालून आंघोळ घातली होती. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं नाही, सासूबाईंनी विचारलं नाही, मी विचारलं नाही. ग्रहणाचं तेवढं सगळ्यांनी विचारलं.

मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, चित्र तर रुबेलाचंच दिसतंय. पण इतक्या वर्षांनी रक्त तपासून ते शंभर टक्के सिद्ध करता येणार नाही, ती तपासणी बाळ लहान असतानाच व्हायला हवी होती. त्यांनी एक काम मात्र सांगितलं. मुलाची साखर आणि थायरॉईड दरवर्षी तपासत राहा. वहिनी ते अजून न चुकवता करतात. आणि या आजारावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी लस जगभर जाते, हे मी सांगितलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या. आपल्यापासून चार तासांच्या रस्त्यावर, एवढंच म्हणाल्या.

आता बाळाला ही लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण ज्या मुली आज लग्नाच्या वयाच्या आहेत त्यांच्यापैकी मोहिमेतून सुटलेल्या बऱ्याच असतील. मुलीचं लग्न ठरलं की आपण दागिने मोडतो, बस्ता बांधतो, तेव्हाच डॉक्टरांना विचारून घ्यावं. रुबेला होऊन गेलाय का हे रक्ताच्या तपासणीत कळतं, नसेल तर लस घेता येते. घेतल्यावर मात्र निदान एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि दिवस राहिलेले असताना ही लस घ्यायची नाही. आमच्या मंडळात गेल्या वर्षी आम्ही सहा मुलींना घेऊन गेलो. एकीच्या होणाऱ्या सासूनं आधी नाक मुरडलं होतं, नंतर तीच आपल्या भाचीला घेऊन आली.

वहिनींच्या सासूबाई आता नव्वदीच्या पुढं आहेत. कमी ऐकू येतं, पण चष्मा लावून मोठी अक्षरं वाचतात. त्या दिवशी निघताना वहिनींनी मला थांबवलं. शाळेच्या वहीचा एक कागद फाडून पुढं केला आणि म्हणाल्या की, तो सिडनीचा डॉक्टर, त्या बाकावरच्या बायका, तो तीन दिवसांचा गोवर, सगळं मोठ्या अक्षरात लिहून दे. मी दोन्ही बाजूंनी लिहून दिलं. कागद त्यांनी सासूबाईंच्या पोथीत नेऊन ठेवला.